तेलावर तरंगणारी गाडी आणि मामांची वही

आपल्या व्यापारी घरांमध्ये जुनी वस्तू काढून टाकण्यापूर्वी तिचा जमाखर्च मांडण्याची रीत आहे. दुकानातील काटा असो, तिजोरी असो की दारातील मोटारगाडी, ती ठेवावी की विकावी हा प्रश्न निघाला की घरातील वडीलधारे प्रथम वही मागतात. माझ्या मामांच्या घरी हा प्रश्न एका अठरा वर्षांच्या गाडीवरून निघाला होता. त्या महिन्याभरात मी जे पाहिले आणि शिकलो, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे मामा १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरातील हिरेबाजारातून बेल्जियममधील अँटवर्प येथे गेले आणि तेथेच स्थिरावले. १९९१ साली त्यांनी सिट्रोएन कंपनीची ‘बीएक्स’ ही लांब पाठीची कौटुंबिक गाडी नवी घेतली. भारतात आले की ते त्या गाडीचे कौतुक करीत. ‘अरे, आमची गाडी रस्त्यावरून जात नाही, पाण्यावरून जाते,’ असे त्यांचे म्हणणे. २००९ च्या उन्हाळ्यात मी प्रथमच त्यांच्याकडे गेलो, तेव्हा विमानतळावर घ्यायला तीच गाडी आली होती.

पण पाण्यावरून जाण्याचा अनुभव काही आला नाही. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्याला कळत होता. अँटवर्पच्या जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. तेथे तर बोलताना दात आपटू लागले. मागे बसलेल्या मामींनी पाठीशी दोन उशा घेतल्या होत्या. त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली होती आणि ज्या गाडीतून त्या निर्धास्तपणे लांबचा प्रवास करीत, तिच्यात बसण्याचीच आता त्यांना धास्ती वाटत होती.

त्या रात्री जेवताना विषय निघाला. मामेभाऊ म्हणाला, ‘पप्पा, आता पुरे. गॅरेजवाल्यानेही सांगितले आहे, हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. भंगारात देऊ आणि नवी घेऊ.’ मामा काही बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले आणि कापडी बांधणीची एक वही घेऊन आले. तिच्यात गाडीवर केलेला प्रत्येक खर्च तारखेसह आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहिलेला होता. पाने उलटता उलटता ते थांबले. शेवटची महत्त्वाची नोंद २००३ सालची होती. त्यानंतर इंजिनाचे तेल, टायर आणि विमा यांखेरीज काहीही नव्हते.

‘दोष गाडीचा नाही,’ मामा म्हणाले, ‘वहीत खाडा पडला आहे.’

हिरेव्यापाऱ्याच्या मुलाची कंपनी

या गाडीत असे काय वेगळे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सिट्रोएन कंपनीचे संस्थापक आंद्रे सिट्रोएन (१८७८–१९३५) हे हॉलंडमधून पॅरिसला आलेल्या एका हिरेव्यापाऱ्याचे पुत्र होते. त्यांच्या पूर्वजांचा धंदा लिंबूवर्गीय फळे विकण्याचा होता आणि त्यावरूनच हे आडनाव आले. पुढे कर्ज झेपेनासे झाल्यामुळे १९३४ च्या अखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले आणि ती टायर बनवणाऱ्या मिशलँ कंपनीकडे गेली.

या नव्या व्यवस्थापनाच्या काळात पॉल माजेस नावाच्या, अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या एका कर्मचाऱ्याकडे गाडीच्या सस्पेन्शनचे काम सोपविण्यात आले. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचे शरीर यांच्यामधील धक्के झेलणारी रचना. त्या काळी सर्वत्र पोलादी स्प्रिंग किंवा पाटे वापरले जात. माजेस यांनी पोलादाऐवजी वायू आणि तेल यांच्या जोडीवर गाडी पेलण्याची कल्पना सिद्ध केली. १९५४ साली ती एका मोठ्या गाडीच्या केवळ मागच्या चाकांना बसविण्यात आली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ‘डीएस’ ही चारही चाकांना ही रचना असलेली गाडी लोकांपुढे आली. पहिल्याच दिवशी तिच्यासाठी सुमारे बारा हजार मागण्या नोंदल्या गेल्याचे सांगतात. २२ ऑगस्ट १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर पॅरिसजवळ गोळीबार झाला. टायर फुटलेले असतानाही त्यांची डीएस चालकाने सावरून बाहेर काढली आणि या गाडीचे नाव सर्वतोमुखी झाले. रोल्स-रॉइससारख्या कंपनीनेही १९६५ च्या आपल्या ‘सिल्व्हर शॅडो’ गाडीत पातळी राखण्यासाठी सिट्रोएनचे तंत्र परवाना घेऊन वापरले.

एवढी कीर्ती असूनही १९७० च्या दशकात कंपनी पुन्हा अडचणीत आली आणि पूझो कंपनीच्या छत्राखाली गेली. उत्तम माल आणि उत्तम ताळेबंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

पोलादाऐवजी वायू

या यंत्रणेचे मर्म एका गोलकात आहे. फुटबॉलहून लहान असा हा पोलादी गोलक प्रत्येक चाकाशी एक असतो. त्याच्या आत मध्यभागी रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूस तेल. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेले की तेल पडद्यावर दाबते, वायू आकसतो आणि पुन्हा फुलतो. पोलादी स्प्रिंगचे काम वायू करतो. गोलकाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेलाला जावे लागते. त्यामुळे गाडी डोलत राहत नाही. म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे कामही तेथेच होते.

आता तेलाला दाब कोठून येतो? इंजिनावर पट्ट्याने फिरणारा एक पंप असतो. तो तेल दाबून ‘संचयक’ नावाच्या पाचव्या गोलकात साठवतो. शेजारी दाब-नियामक असतो. दाब सुमारे १७० बारपर्यंत पोहोचला की तो पंपाचे काम थांबवतो आणि १४५ बारच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो. प्रत्येक वेळी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. हा आवाज पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पुढे एक आणि मागे एक अशा दोन उंची-नियंत्रक झडपा असतात. गाडीत पाच माणसे आणि सामान भरले की मागील बाजू खाली बसते. लगेच झडप उघडते, थोडे तेल आत येते आणि गाडी पूर्ववत समपातळीवर येते. माल उतरला की तेवढेच तेल परत टाकीत जाते. ओझे वाढले की वायू अधिक दाबला जाऊन आपोआप अधिक ताठ होतो, त्यामुळे रिकामी आणि भरलेली गाडी जवळजवळ सारखीच चालते. नमुन्यांच्या पेट्या आणि कुटुंब एकाच गाडीतून नेणाऱ्या माणसाला हा केवढा लाभ!

तेच तेल ब्रेकलाही पुरवले जाते. बीएक्समध्ये मागच्या ब्रेकला दाब मिळतो तो मागच्या सस्पेन्शनमधून. ओझे जितके जास्त, तितका मागचा ब्रेक जोरकस. रचना सुंदर आहे; परंतु याच कारणामुळे तिची हयगय केवळ आरामावर बेतत नाही, ती सुरक्षेवर बेतते.

कान, हात आणि डोळे

अँटवर्पच्या उत्तरेस, हॉलंडच्या सीमेकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यात एक वृद्ध कारागीर या जातीच्या गाड्या दुरुस्त करीत असत. मामांनी त्यांना फोन केला आणि आम्ही शनिवारी सकाळी तेथे पोहोचलो. त्यांनी हत्यार हाती घेण्यापूर्वी अर्धा तास केवळ परीक्षा केली. ती परीक्षा कोणताही मालक स्वतः करू शकतो, म्हणून ती क्रमाने सांगतो.

प्रथम त्यांनी इंजिन चालू ठेवले, बॉनेट उघडले आणि घड्याळ हातात घेऊन ते ऐकत उभे राहिले. गाडी जागेवर उभी असताना दोन ‘टक्’मध्ये अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ जावा, म्हणजे संचयक निरोगी. आमच्या गाडीत हा आवाज दर तीन-चार सेकंदांनी येत होता. संचयकातील वायू निघून गेला होता, त्यामुळे पंप आणि नियामक यांना उसंतच नव्हती. इंजिन अचानक बंद पडले तर ब्रेकसाठी राखीव दाबही जेमतेम उरला असता.

दुसरी परीक्षा हाताची. गाडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्यांनी दोन्ही हातांनी भार दिला. सशक्त गोलकावर गाडी मऊपणे खाली जाते आणि वर येते. आमच्या गाडीचे मागील दोन्ही कोपरे हलेनात. जणू दगडावर हात ठेवला आहे. नायट्रोजनचे कण रबरी पडद्यातून फार मंद गतीने झिरपत असतात. गोलक फुटका नसला तरी काही वर्षांनी त्यातील दाब उतरतोच. साधारणतः पाच-सहा वर्षांनी तो पुन्हा भरून घ्यावा किंवा बदलावा. पडदा फाटेपर्यंत थांबले तर मात्र भरण्याचा मार्ग बंद होतो.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. ते गाडीच्या मागे दहा पावले जाऊन खाली बसले. मागच्या चाकांचा वरचा भाग आतल्या बाजूस झुकला असेल तर मागील भुजांचे बेअरिंग झिजले असे समजावे. आमचे डावे चाक किंचित झुकू लागले होते. यावर कारागीर जे बोलले त्याचा आशय मामांनी मला मराठीत सांगितला: गोलक बदलायला नवीन टायरपेक्षा कमी पैसे लागतात, पण गोलक मेला की प्रत्येक धक्का थेट बेअरिंगवर, नळ्यांवर आणि सांगाड्यावर जातो, आणि त्यांची दुरुस्ती त्याच्या कैकपट महाग असते.

चौथी परीक्षा तेलाची. या गाडीत वापरले जाणारे ‘एलएचएम’ हे हिरव्या रंगाचे खनिज तेल आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल रंगाचे तेल वापरात होते. ते हवेतील ओलावा शोषी आणि आतून गंज धरी, म्हणून हे हिरवे तेल आले. त्याची पातळी गाडी सर्वांत उंच स्थितीत आणि इंजिन चालू असताना पाहायची असते. मामांच्या टाकीतील तेल हिरवे राहिले नव्हते. तपकिरी झाले होते. सुमारे ६०,००० किलोमीटरला ते बदलावे आणि टाकीतील गाळण्या धुवाव्यात, असा नियम आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. साध्या गाडीचे ब्रेक-तेल या यंत्रणेत कधीही घालू नये, आणि हे हिरवे तेल साध्या गाडीच्या ब्रेकमध्ये घालू नये. दोन्हींची रबरे वेगळ्या घडणीची असतात. चुकीच्या तेलाने ती फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते. ‘टाकीत थोडेसे घातले तर काय बिघडते’ या एका वाक्याने अशा अनेक गाड्या भंगारात गेल्या आहेत.

पाचवी परीक्षा गाडीखालची, आणि तिनेच आम्हा सर्वांना गप्प केले. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांतून हे उच्च दाबाचे तेल फिरते. बेल्जियममध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मागील आसाजवळच्या कोपऱ्यांत साचून राहते. तेथील एका नळीवर गंजाचा पापुद्रा होता आणि त्याखाली हिरवट ओल. ती नळी अजून फुटली नव्हती, एवढेच. इतक्या जुन्या गाडीची तेथे त्या काळी दरवर्षी सरकारी तपासणी होत असे, परंतु दोन तपासण्यांच्या मध्ये गंज थांबून राहत नाही.

मामांनी ती ओल बोटाने पुसली आणि बराच वेळ बोटाकडे पाहत राहिले. आदल्या वर्षी, २००८ च्या मंदीत हिऱ्यांचा व्यापार बसला होता. परत येताना ते मला म्हणाले, ‘पेढीवर नफा नाही म्हणून गाडीचा खर्च पुढे ढकलत गेलो. वाटले, चालते आहे ना! तुझ्या मामीला याच गाडीतून नेत होतो, हे मात्र हिशेबात धरले नाही.’

दुरुस्ती

काम तीन दिवस चालले. पहिली गोष्ट सुरक्षेची. ही गाडी दाबावर उभी असते. दाब गेला की ती खाली बसते. म्हणून मजबूत लोखंडी घोड्यांचा आधार दिल्याशिवाय तिच्याखाली कोणीही हातसुद्धा घालायचा नाही. कारागिरांनी इंजिन बंद करून उंचीचा दांडा सर्वांत खालच्या खुणेवर ठेवला आणि नियामकावरील स्क्रू सैल करून सारा दाब उतरवला. त्यानंतर पट्ट्याच्या पान्याने पाचही गोलक सोडवले. गोलकावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. पुढचा, मागचा आणि संचयकाचा गोलक दिसायला सारखे असले तरी आतला दाब निराळा असतो, त्यामुळे क्रमांक जुळवूनच नवा घ्यावा लागतो. प्रत्येकाला नवे रबरी कडे तेलात बुडवून बसवले आणि गोलक केवळ हाताने घट्ट केला. त्याला पान्याने पिळण्याची गरज नसते. दाबच त्याला घट्ट धरतो.

गंजलेली नळी बदलली, डाव्या भुजेचे बेअरिंग नवे टाकले, उंची-नियंत्रकाचे चिखलाने आखडलेले सांधे साफ केले, तेल आणि गाळण्या बदलल्या. मग इंजिन चालू करून गाडी कित्येकदा पूर्ण वर आणि पूर्ण खाली केली, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा टाकीवाटे निघून जाते. या जातीच्या गाड्यांचे शौकीन या प्रकाराला गमतीने ‘सिट्रोबिक्स’ म्हणतात. शेवटी ब्रेकमधील हवा काढली.

संध्याकाळी मामी मागच्या आसनावर बसल्या. पहिल्या फरसबंदीच्या गल्लीतून गाडी बाहेर पडल्यावर त्यांनी पाठीमागची एक उशी काढून बाजूला ठेवली. थोड्या वेळाने दुसरी.

त्या रात्री मामेभावाने स्वतः वही पुढे ओढली आणि नोंद लिहिली. सगळा खर्च नव्या गाडीच्या पहिल्या वर्षीच्या घसाऱ्यातही झाकला गेला असता. पण हाच खर्च वेळच्या वेळी केला असता तर बेअरिंग लागलेच नसते, हेही त्याने खाली लिहिले.

आपल्या दारातील गाडी

वाचक म्हणतील, ही परदेशातील गाडी. आम्हाला तिचा काय उपयोग? अशा गोलकांवर चालणारी सिट्रोएन आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते आणि कंपनीनेही ‘सी-५’ या गाडीबरोबर २०१७ च्या सुमारास ती रचना थांबवली. २०२१ साली भारतात आलेल्या ‘सी-५ एअरक्रॉस’मध्ये साध्या स्प्रिंगबरोबर तेलाच्या उशा आहेत, त्या निराळ्या आणि बऱ्याच सोप्या आहेत.

परंतु तेलाने धक्का शमविण्याचे तत्त्व आपल्या जवळजवळ प्रत्येक कौटुंबिक गाडीत आहे, कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे तेलाने भरलेली नळीच. त्यामुळे परीक्षाही त्याच. महिन्यातून एकदा गाडीचा प्रत्येक कोपरा दाबून सोडावा; ती वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहिली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला. त्याच्या अंगावर तेलाची ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गळतो आहे. टायर जागोजागी खोलगट झिजला असेल तर केवळ टायर बदलून भागत नाही. कारण वर शोधावे. एका आसावरचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकदमच बदलावेत. थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे चाक रस्ता सोडते आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते, हे घरातील तरुण चालकांना अवश्य सांगावे. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, ती कोणत्याही कंपनीची असो, घोड्यांचा आधार दिल्याशिवाय जाऊ नये.

शेवटची नोंद

त्यानंतर चार वर्षे ती गाडी मामींना घेऊन हिंडली. २०१३ मध्ये गंज सांगाड्यापर्यंत पोहोचला, तेव्हा मात्र मामांनी ती विकण्याचा निर्णय घेतला. पत्रा आणि सांगाडा खाल्ला गेला की गाडीला पुढे आयुष्य नाही, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे मान्य केले. सुट्या भागांसाठी ती घ्यायला आलेला गृहस्थ स्वतः अशाच गाडीचा मालक होता. त्याने आधी पंपाचा आवाज ऐकला, मग कोपरे दाबले आणि नंतर वही मागितली. भाषा येत नसल्याने त्याने फक्त तारखा आणि किलोमीटरचे आकडे वाचले. वाचून झाल्यावर मामांनी सांगितलेल्या रकमेवर त्याने घासाघीस केली नाही. पाचही गोलक केव्हा बसवले ते लिहिलेले होते, त्याला तेवढे पुरे होते.

जाताना त्याने वहीही मागितली. मामांनी ती दिली नाही. मामेभावाच्या नव्या गाडीची पहिली नोंद तिच्याच पुढच्या पानावर आहे.